तिखुराची पिवळी डबी

बूढापाऱ्याच्या गल्लीत शर्मिष्ठाच्या स्कूटीवरून पुठ्ठ्याची डबी पडली, ती नेमकी एका माणसाच्या पायाशी. दुसरा कोणी असता तर डबी उचलून हातात देऊन चालता झाला असता. यानं ती उचलली, उलटी केली, तळाशी अंगठा दाबला आणि शांतपणे म्हणाला,

"याचं बूड उघडून राहिलं."

"द्या इकडे."

"पन्नास ग्रॅमही टिकायचं नाही. काय भरणार आहात यात?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मले काही नाही. सांडन ते तुमचंच सांडन."

असं म्हणून त्यानं डबी दोन्ही हातांनी पुढे केली, देवळात प्रसाद द्यावा तशी. ती घेताना शर्मिष्ठाला त्याच्या डोळ्यांतलं हसू दिसलं... आणि त्या हसण्याचाच जास्त राग आला. एवढ्या मोठ्या रायपुरात हा परत भेटायचा नाही, या विचारानं तिला घरी पोचेपर्यंत बरं वाटत राहिलं.

चौथ्या दिवशी कॉलेजच्या सरांनी तिला गुढियारीतल्या पुठ्ठ्याचे डबे करणाऱ्या एका कारखान्याचा पत्ता दिला. पुठ्ठ्यांच्या थप्प्यांमागून जो उठून आला, तो तोच. देवदत्त त्याचं नाव.

"बूड चिकटवलं का?" त्यानं विचारलं.

शर्मिष्ठा डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचा सगळा जीव त्या डबीत अडकला होता. डबीत भरायचं होतं तिखूर. हळदीसारखा एक रानकंद बस्तरकडच्या बायका खणून आणतात, किसतात, सात-सात पाण्यांतून धुतात आणि तळाशी बसलेला पांढराशुभ्र गाळ उन्हात वाळवतात. त्याची वडी उपासाला खातात. पोटाला थंड, मनाला हलकी. तिखूर करणाऱ्या अंजनाबाईंच्या बचत गटानं तिला सांगितलं होतं, सावनच्या पहिल्या सोमवारी तेलीबांध्याच्या तळ्यावर स्टॉल लावू. शंभर डब्या खपल्या तर आमचं तिखूर यापुढे तुझ्याच डबीत. नाही खपल्या तर आपली प्लास्टिकची पिशवी बरी. म्हणजे शर्मिष्ठाची वर्षभराची मेहनत कॉलेजच्या कपाटात जाणार.

आणि अशा वेळी गाठ पडली ती या माणसाशी. झाकण घट्ट आहे म्हणाला, तिनं सैल केलं. मग म्हणाला, आता फारच सैल झालं. कोपऱ्याची घडी उलटी आहे म्हणाला. तिनं सुलटी केली, तर म्हणे आधीचीच बरी होती.

"तुम्ही कधी कशाला चांगलं म्हणता का हो?"

"म्हणतो ना."

"कशाला?"

तिच्या हाताकडे पाहून तो म्हणाला, "रेघ चांगली मारता तुम्ही. एकदम सरळ."

शर्मिष्ठा घरी जाईपर्यंत त्या वाक्यावर चिडत राहिली. चिडण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून आणखीच चिडली.

महिनाभरानं तिनं डबीवरचं चित्र आणलं. हिरवी लांब पानं आणि खाली सोन्यासारखा पिवळाधमक कंद. देवदत्त बराच वेळ पाहत राहिला.

"हे हळदीचं काहून काढलं?"

"तिखुराचा कंद आहे तो."

"पिवळा असते?"

"छापल्यावर उठून दिसतो."

"दिसते उठून, पण—"

"तुम्ही डबी बघा. रंगाचं मी बघते."

तो गप्प बसला. इतका पटकन गप्प बसणारा हा माणूस नव्हे, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

सावनचा पहिला सोमवार उजाडला. तळ्यावर गार वारं होतं, शंकराला पाणी घालून आलेल्या बायकांची ये-जा होती. बायका डबी हातात घेत, "कितनी सुंदर है" म्हणत आणि कौतुकानं परत ठेवून देत. शेवटी एका काकूंनी गोड आवाजात खुलासा केला,

"हल्दी वाला है ना, बेटा? हल्दी व्रत में नहीं चलती."

"आंटी, इसमें हल्दी नहीं है."

"होगा, बेटा," काकू हसल्या आणि पुढे गेल्या.

व्रत करणाऱ्या बाईला शंका आली की ती वस्तू तोंडात घालत नाही. तिथं वाद नसतो. संध्याकाळपर्यंत सात डब्या खपल्या, त्यातल्या चार शर्मिष्ठाच्या मैत्रिणींनी घेतलेल्या.

उरलेल्या डब्या खोक्यात भरताना अंजनाबाईंनी एक डबी डोळ्यांसमोर धरली. "कांदा तो सफेद होथे, नोनी. येला पीला काबर करे?"

कंद तर पांढरा असतो, पोरी, याला पिवळा का केलास, एवढंच त्या आपल्या छत्तीसगढीत विचारत होत्या. घरी तिची आई विनोदिनीबाई उपासाची भगर ताटात वाढत होत्या. सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "घरात मी बत्तीस वर्षं बारमाही सोमवार करून राहिले. मले विचारलं असतं तर?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गुढियारीत.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतच होतो. तुम्ही म्हणाल्या, रंगाचं मी बघते."

"मी काहीही म्हणते! माझं कधीपासून ऐकायला लागलात?"

"त्याच दिवशी ऐकलं," तो खाली मान घालून म्हणाला. "चूकच झाली. मी पण सोमवार करतो. मले तर बोलाले पाहिजे होतं."

भांडायच्या पूर्ण तयारीनं आलेल्या माणसापुढे समोरच्यानं अशी चूक कबूल केली की भांडण कुठं ठेवावं ते कळत नाही. शर्मिष्ठा पुठ्ठ्याच्या थप्पीवर बसली. तिचे डोळे भरून आले. त्यानं पाण्याचा ग्लास तिच्याजवळ ठेवला आणि पंखा तिच्याकडे वळवला.

"आपला श्रावण कुठं लागला अजून?" थोड्या वेळानं तो म्हणाला. "पंधरा दिवस आहेत. अंजनाबाईले फोन करा."

खरंच की. रायपूरच्या मराठी घरांत श्रावण दोनदा येतो, आधी शेजाऱ्यांचा सावन आणि पंधरा दिवसांनी आपला. तिनं फोन लावला. पलीकडे अंजनाबाईंनी आधी गटातल्या बायकांना विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "हव. एक बार अउ." आणखी एक संधी मिळाली.

छपाईतून पिवळा रंगच काढून टाकायचा, असं देवदत्तनं सुचवलं. नमुन्याचा कागद बाहेर आला तेव्हा कंद फिकट पांढरा झाला होता, आणि पानं—

"पानं निळी झाली!"

"हिरव्यातला पिवळा गेला. निळाच राहणार."

"पानं कुठं निळी असतात?"

"कंद पिवळा चालत होता तुमाले."

शर्मिष्ठाला जे हसू फुटलं ते थांबेचना. तोही हसला. पांढऱ्यावर निळी पानं गार दिसत होती, शंकराच्या कंठासारखी. पुढचे सगळे दिवस दोघांनी मिळून डब्या दुमडल्या. पत्र्यावर पाऊस वाजत होता, दमट हवेनं पुठ्ठा वाकत होता, आणि एकच घडी दोघांच्या बोटांखाली आली की कोणी तरी हात काढायला जरा... उशीर करत होतं.

आपल्या श्रावणाचा पहिला सोमवार. मराठी मंडळाच्या सभागृहाबाहेर स्टॉल लागला. बायका डबी उचलत, उलटसुलट बघत आणि पिशवीत टाकत. विनोदिनीबाई खांबाआड उभ्या राहून आपण सहज आलो आहोत असं दाखवत होत्या. तीन वाजता शंभरावी डबी गेली. अंजनाबाईंनी शर्मिष्ठाच्या गालावरून हात फिरवला. "अब येही मा भरबो, नोनी." यापुढे तिखूर याच डबीत.

नमुन्याची एक डबी तेवढी उरली. देवदत्त रिकामी खोकी घडी घालत होता.

"झालं मग तुमचं काम. उद्यापासून गुढियारीचे खड्डे खायची गरज नाही."

ती पाहतच राहिली. दोन महिने या माणसानं बुडाची खोट काढली, झाकणाची काढली, घडीची काढली. आणि आज—

"सगळं बरोबर आहे?"

"आहे."

"नीट बघा."

"बघितलं."

"देवदत्त, एक तरी खोट काढा. रोज काढता."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग ती उरलेली डबी उचलली आणि इतका वेळ फिरवत बसला की तिला पुन्हा वैताग यायला लागला.

"एक आहे," तो हळूच म्हणाला.

"बोला."

"मागं लिहिलं आहे, एका माणसाचा फराळ." त्याचा अंगठा त्या ओळीवर थांबला होता. "दोघांचा पाहिजे."

शर्मिष्ठाच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "त्याला... नवा साचा लागेल."

"लागन."

"वेळ जाईल."

"मले घाई नाही."

"मला आहे," ती म्हणाली. "आई त्या खांबामागं उभी आहे. जा, बोला तिच्याशी."

देवदत्तनं कॉलर सरळ केली, दोन पावलं गेला आणि परत आला.

"काय म्हणू?"

शर्मिष्ठानं कपाळाला हात लावला आणि त्याच्याबरोबर निघाली.