हातमोजे घातलेला मुळा

केतकी घोरपडेने सगळं नीट केलं होतं. केस बांधून टोपीत खोचले होते. डोळ्यांवर चष्मा, अंगात जाड एप्रन आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत येणारे हातमोजे. तरीही ड्रिल मशीन सुरू होत नव्हतं. त्याचा लाल दिवा लागला होता आणि छोट्या पडद्यावर दोनच शब्द होते : हात तपासा.

केतकीने हात तपासले. डावा मोजा मनगटाशी जरा सैल वाटला, तो तिने ओढून घट्ट केला. दिवा लालच राहिला.

टेकडीवरच्या विद्यापीठातली ही निर्मितीशाळा (सगळ्यांनी मिळून वापरायच्या यंत्रांची कार्यशाळा) आता शाळेतल्या मुलांनाही खुली झाली होती. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा असे. ज्या यंत्राचं शिक्षण पुरं झालं असेल, तेवढंच यंत्र त्या पट्ट्याने उघडे. केतकीच्या पट्ट्याने एकच गोष्ट उघडायची, तापवणीचं टेबल. तिथे प्लास्टिकच्या जाड पट्ट्या तापवून हव्या तशा वाकवता येत. त्या टेबलावर हातमोज्यांशिवाय काम करायचं नाही असा नियम होता आणि केतकीने तो कधी मोडला नव्हता. ती पाणी प्यायलाही मोजे घालूनच जाते, अशी तिची चेष्टा व्हायची.

आज ती आणि तिचे आबा घाईत होते. केतकीची मैत्रीण नसीमा हिचं उजवं मनगट लहानपणच्या आजारामुळे अशक्त होतं. कॅरमचा नेम तिच्याइतका कोणाचा नव्हता, पण चार-पाच फटके मारले की हात थरथरायला लागायचा. केतकीने तिच्यासाठी मनगटाला आधार देणारी कमान वाकवून तयार केली होती. तिला दोन भोकं पाडून बंद ओवला की झालं. शाळांमधली स्पर्धा दुसऱ्या दिवशी सकाळी होती आणि केतकीचा ड्रिलचा वर्ग त्यानंतरच्या शनिवारी.

आबा, म्हणजे डॉ. सयाजी घोरपडे, याच विद्यापीठात यंत्रशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. निर्मितीशाळेचे नियम लिहिणाऱ्यांत तेही होते. त्यांचा पट्टा सगळी यंत्रं उघडायचा. भोकं आपणच पाडून देतो, असं ते म्हणाले होते. पण कमान आपल्या हातांनी पुरी करायची, असा केतकीचा हट्ट. दोनच तर भोकं आहेत, मी शेजारी उभा आहे, असं म्हणत आबांनी स्वतःचा पट्टा काढून नातीच्या मनगटावर, मोज्यावरूनच, बांधला.

आता मशीन ऐकत नाही म्हटल्यावर आबांनी यंत्राच्या कॅमेऱ्याची काच रुमालाने पुसली. धूळ बसली की हे असंच करतं, ते म्हणाले. काहीच फरक पडला नाही. मग त्यांनी खिशातून दुरुस्तीची चावी काढली. ती फिरवली की यंत्राच्या साऱ्या तपासण्या बंद पडतात आणि ते मुकाट सुरू होतं.

दालनाच्या दुसऱ्या टोकाकडून चाकांचा आवाज आला. निर्मितीशाळेचा रोबो घाईघाईने येत होता. प्रत्येकाच्या कामावर नजर ठेवतो म्हणून मुलांनी त्याला मुकादम असं नाव दिलं होतं.

"आबासाहेब, चावी लावण्याआधी तिच्या हातांकडे बघा," मुकादम म्हणाला.

आबांनी पाहिलं. चावीवरचा हात तसाच थांबला. मग त्यांनी चावी काढली, स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. केतकीला कळेना, तिच्या हातांत मोज्यांशिवाय काहीच नव्हतं. तिने विचारलं, मोजे तर हात वाचवण्यासाठी असतात ना?

"सांगण्यापेक्षा दाखवतो," मुकादम म्हणाला. "आबासाहेब, उपाहारगृहातून दोन मुळे आणता का?"

आबा उठले आणि मुळे घेऊन आले.

मुकादमने पहिला मुळा लांब चिमट्यात धरला. दोघांना जाड पारदर्शक पडद्याच्या मागे उभं केलं आणि मशीन सुरू केलं. ड्रिलचं टोक एका चकमध्ये (टोकाला घट्ट धरून फिरणारी लोखंडी मूठ) बसवलेलं असतं. मुळा त्या फिरत्या चकला नुसता टेकवला. कर्र आवाज झाला, मुळ्याची साल निघाली आणि तो बाजूला ढकलला गेला.

मग मुकादमने दुसऱ्या मुळ्यावर जुना मोजा चढवला आणि तो तसाच टेकवला. या वेळी मुळा ढकलला गेला नाही. मोज्याचा एक धागा चकमध्ये अडकला, कापड गुंडाळलं गेलं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मुळा चिमट्यातून सुटून चकभोवती फिरत होता. मशीन थांबल्यावर आत मुळ्याचे तुकडे आणि पिळलेलं कापड एवढंच उरलं होतं.

केतकीने मोज्यावरचा आबांचा पट्टा सोडला आणि आपले मोजे हळूच काढून मागच्या टेबलावर ठेवले.

आबांनी तिला हिशेब समजावला. हे मशीन एका सेकंदात वीस फेरे घेतं. एका फेऱ्यात जवळजवळ वीतभर कापड गुंडाळलं जातं. आणि माणसाचा प्रतिक्रियाकाल (धोका दिसल्यापासून हात हलेपर्यंतचा वेळ) असतो साधारण पाव सेकंद. तेवढ्यात पाच फेरे होतात. "हात मागे घ्यावा असं तुला वाटेपर्यंत मोज्याने तो आत ओढलेला असतो," ते म्हणाले.

मग उघडे हात चालतात का, असं तिने विचारलं. उघड्या हातालाही जखम होतेच, मुकादम म्हणाला, पहिल्या मुळ्याची साल पाहिलीस ना. म्हणून हात चकच्या जवळ न्यायचाच नाही. वस्तू शिकंज्यात पक्की आवळायची आणि हात लांब ठेवायचे. तापवणीच्या टेबलावर धोका उष्णतेचा आहे, तिथे जाड कापड तुझ्या बाजूने लढतं. इथे धोका ओढण्याचा आहे आणि तेच कापड यंत्राच्या बाजूला जातं.

केतकीने टेबलावरच्या मोज्यांकडे पाहिलं. "म्हणजे एका यंत्रावर शिकलेली चांगली सवय दुसऱ्यावर घात करू शकते. म्हणून प्रत्येक यंत्राचं शिक्षण वेगळं."

"हे मी पंचवीस वर्षं शिकवलं," आबा म्हणाले. "पण इथे तुला मोज्यांशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. मोजे दिसले आणि वाटलं, पोर किती सावध आहे."

मुकादमने तिथेच दोघांचे पट्टे बंद केले. पट्टा दुसऱ्याला दिला तर धडा पुन्हा घ्यायचा, हा नियम आबांनीच लिहिला होता. शनिवारचा वर्ग मुकादम आत्ताच घ्यायला तयार होता. मग आजोबा आणि नात शेजारी शेजारी बसली. पहिलाच प्रश्न आबांना आला : मशीन सुरू करण्याआधी चकची किल्ली, म्हणजे टोक आवळायची किल्ली, कुठे असते? खिशात, आबा म्हणाले. जागेवरच्या खुंटीवर, मुकादम म्हणाला, खिशात राहिली तर पुढच्या माणसाला सापडत नाही. केतकीने हसू आवरलं, पण ते आबांना दिसलंच.

सूर्य टेकडीमागे जाण्याआधी केतकीच्या स्वतःच्या पट्ट्यावर हिरवा दिवा लागला. तिने कमान शिकंज्यात आवळली, किल्ली खुंटीला लावली, उघडे हात चकपासून लांब ठेवून मशीनचा दांडा खाली ओढला. दोन्ही भोकं स्वच्छ पडली. आबांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की मुकादमने मान वळवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नसीमा उपांत्य फेरीपर्यंत पोचली. तिथे हरली, पण शेवटच्या फटक्यापर्यंत तिचा हात थरथरला नाही. आबांबरोबर परतताना केतकीने तिला मुळ्यांची गोष्ट सांगितली. नसीमाची आई शिवणकाम करायची, त्यामुळे नसीमाचं डोकं वेगळ्याच दिशेला गेलं.

"मोजा कच्च्या शिलाईने जोडलेला असला तर?" ती म्हणाली. "अम्मी आधी तशीच शिलाई घालते, नुसतं ओढलं की उसवते. यंत्राने ओढलं तर मोजा जाईल, हात राहील."

केतकी थांबली. पाव सेकंदाच्या आत उसवेल असा धागा किती कच्चा हवा? तिला उत्तर माहीत नव्हतं. आबांनाही नव्हतं, पण हे करून बघण्यासारखं आहे, असं ते म्हणाले, आणि पुढच्या वर्गात नसीमासाठी जागा आहे का हे विचारायला त्यांनी मुकादमला फोन लावला.