चैतालीनं घेतलेलं नाव

बार्शीतल्या एका मंगल कार्यालयाच्या मालकानं एकच हॉल एकाच दिवशी दोन लग्नांना देऊन टाकला आणि स्वतः फोन बंद करून बसला. म्हणून चैताली आणि महेश्वर यांची गाठ पडली. नाहीतर पडायचं काही कारण नव्हतं. ती सोलापूरच्या बौद्ध वस्तीतली, वडील त्रिंबकराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. तो लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातला, वडिलांचं भांड्यांचं दुकान भावावर सोडून मंडपाच्या नादाला लागलेला. ती एका नवरीचं सगळं बघायला आलेली, हा दुसऱ्या लग्नाचं स्टेज सजवायला. हा शिडीवर चढून झेंडू बांधतोय, तोवर ती खालून गुलाबाच्या टोपल्या घेऊन हजर.

"हे काढा," ती म्हणाली. "आज आमचं लग्न आहे इथं."

त्यानं वरून वळून बघितलं. उन्हानं लाल झालेली, केस क्लिपात कसेबसे कोंबलेली, भांडायच्या पूर्ण तयारीनं आलेली मुलगी.

"आपलं?" तो म्हणाला. "मला कुणी सांगितलंच न्हाय की."

चैतालीला हसू आलं, ते तिनं गिळलं आणि दोन्ही वऱ्हाडांची समजूत घालायला गेली. एका लग्नाच्या अक्षता दुपारी पडल्या, दुसऱ्याच्या गोरज मुहूर्तावर. स्टेज तेच, झेंडूही तोच, गुलाबही तेच. दोन्ही मुलींच्या बापांना वाटलं, आपल्याला जास्तीची सजावट फुकट मिळाली. कार्यालयाचा मालक उगवला तो थेट जेवायला.

लगेच तिथं प्रेमबिम झालं असेल असं वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. धंदा झाला. महिन्याभरात दोघांनी सात रस्त्याजवळ एक गाळा घेतला आणि भागीदारीत लग्नं लावायला लागले. लिंगायतांची, पद्मशाल्यांची, मराठ्यांची, बौद्धांची, ज्याची येतील त्याची. मांडव, दिवे, आचारी आणि रुसलेले मामा ही महेश्वरची खाती. मामा कितीही फुगून बसलेला असो, महेश्वर त्याच्या शेजारी पाच मिनिटं गप्प बसायचा आणि मामा आपोआप उठून फोटोला जायचा. नवरी, तिची आई, भटजी, स्वामी, भंतेजी आणि उखाणे ही चैतालीची खाती. एकमेकांना दोघं 'पार्टनर' म्हणायची. या शब्दाचा एक फायदा असतो, त्यात सगळं बसतं आणि कशाचाच अर्थ निघत नाही.

आता उखाण्यांचं सांगायला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. हल्लीच्या पोरींना नाव घ्यायची हौस लई, पण उखाणा येत नाही. तो चैताली जुळवून द्यायची. कागदावर दिला तर नवरीचे हात मेंदीनं कोपरापर्यंत माखलेले, कागद धरणार कशात? म्हणून चैताली स्वतःच्या आवाजात उखाणा म्हणून नवरीच्या फोनवर पाठवायची. नवरी कानात घालून दिवसभर ऐकायची आणि मांडवात पोपटासारखी म्हणायची. ही युक्ती इतकी चालली की नुसत्या उखाण्यांसाठी लोक या दोघांना लग्न द्यायला लागले.

पण चैतालीला एक खोड होती. उखाणा जुळतोय का हे बघताना नवरदेवाच्या जागी ती महेश्वरचं नाव घालून म्हणून बघायची. ते तसं ध्वनिमुद्रित करायची, ऐकायची, बसतंय असं वाटलं की खऱ्या नवरदेवाचं नाव घालून पुन्हा म्हणायची आणि दुसरं पाठवायची. पहिल्या वर्षी ही निव्वळ सोय होती, कारण नाव जवळचं होतं आणि माणूस समोरच्या खुर्चीत चहात बिस्किट बुडवत बसलेला असायचा. पुढं पुढं मात्र तो गाळ्यातून बाहेर गेल्याशिवाय तिला म्हणता येईना. मग एकदा तिच्या लक्षात आलं, की खरं नाव घालून पाठवल्यावरही ती पहिलंच ऐकत बसलीय. त्या दिवशी ती स्वतःवरच चिडली. प्रेमात पडली होती बया, दुसरं काय.

बोलायची सोय नव्हती. महेश्वरच्या आईला, काशम्माला, चैताली आवडायची. शेजारणींपुढं तिचं कौतुक करायची, लई हुशार पोरगी हाय म्हणायची. पण कौतुक करणं वेगळं आणि सून करून घेणं वेगळं, हे पोरींना कुणी शिकवावं लागत नाही. शिवाय काशम्मा अक्कलकोटकडं एक मुलगी बघून आली होती. महेश्वर आईपुढं 'व्हय' सोडून दुसरा शब्द बोलायचा नाही. शर्टाचा रंग काय घेऊ, हेसुद्धा तो दुकानातून फोन करून विचारायचा.

"अक्कलकोटचं ठरलं तर आपणच करायचं पार्टनर," तो एकदा म्हणाला. "बाहेर द्यायचं न्हाय."

"करू की," चैताली म्हणाली आणि धुतलेले कप परत धुवायला घेऊन गेली. नळाखाली उभं राहून तिनं ठरवून टाकलं, की हे कधीच तोंडातून काढायचं नाही. बोललं तर तो तर जाईलच, गाळाही जाईल, आणि रोज सकाळी समोरच्या खुर्चीत माणूस दिसतो, तेवढंही हातचं जाईल. तिची आई शालन सगळं ओळखून होती, पण तीही काही बोलली नाही. तिनं फक्त लेकीला दोनदा विचारलं, की तुमचा तो महेश्वर हल्ली दिसत नाही ग. तो आदल्याच दिवशी चहा पिऊन गेला होता.

मग मे महिन्यात करकंबचं लग्न आलं. नवरी शिवानी, नवरदेव शिवयोगी, दोन्ही घरं ऊसवाली. लग्नांचा हंगाम ऐन भरात होता, ऊन असं की मांडवाच्या कापडाला हात लावला तर चटका बसायचा. आदल्या दिवशी महेश्वर मांडवाचं सामान चढवत होता, तेवढ्यात चैतालीनं टेम्पोत बसल्या बसल्या उखाणा जुळवला, दोन्ही वेळा म्हणाली आणि घाईत शिवानीला पहिला पाठवून दिला.

शिवानीला नाव खटकलं होतं. पण तिला वाटलं, हा नमुना असेल, नाव आपलं आपण घालायचं असेल. हात मेंदीनं अडकलेले, विचारणार कशी? दिवसभर ती तेच ऐकत राहिली आणि तोंडात तेच बसलं.

अक्षता पडल्या, पंगत बसली. नवरा-नवरीनं एकमेकांना घास भरवायची वेळ आली तसा कुणीतरी माईक पुढं केला. शिवानीनं जिलेबीचा तुकडा उचलला, मान खाली घातली आणि एका दमात म्हणाली,

"उसाच्या फडाला भीमेचं पाणी,
महेश्वररावांचं नाव माझ्या ध्यानीमनी."

पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. शिवयोगीचं तोंड जिलेबीसाठी उघडलेलं होतं ते तसंच राहिलं.

"कोण ह्यो महेश्वर?" नवरदेवाची आई बाळाबाई पानावरून उठली.

शिवानीला रडू फुटलं, आणि रडल्यानं ती जास्तच गुन्हेगार दिसायला लागली. तेवढ्यात पंगतीतला एक शहाणा म्हणाला, की मांडववाल्याचं नाव महेश्वरच हाय की, महिन्याभरात तीनदा येऊन गेला नवरीच्या घरी. झालं. आगीत तेल पडलं. महेश्वर पुढं येऊन म्हणाला, की माझा यात काही संबंध नाही. असं म्हणणाऱ्याचा संबंध असतोच, हे सगळ्या पंगतीला माहीत होतं. बाळाबाईनं ताट सरकवलं. जे काय हाय ते आत्ताच्या आत्ता बोला, न्हायतर ही पोरगी माझ्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाय, असं तिनं सांगून टाकलं. शिवानीचा बाप हात जोडून उभा राहिला.

चैतालीनं आधी अर्धं खरं बोलून बघितलं. माझ्या हातून चुकीचा उखाणा गेला, पोरीची चूक नाही, असं तिनं सांगितलं. बाळाबाई काही वेडी नव्हती.

"चुकून जायचं तर दुसऱ्या कुठल्या नवऱ्याचं नाव जाईल," ती म्हणाली. "ह्याचंच कसं गेलं?"

याचं उत्तर एकच होतं. चैतालीनं शिवानीकडं बघितलं. काजळ गालावर आलेलं, हातावरची मेंदी लालभडक. मग तिनं माईक हातात घेतला. आवाज सरळ आला.

"ते नाव शिवानीचं न्हाय, माझं आहे. मी जुळवलेला प्रत्येक उखाणा आधी ह्यांच्या नावानं म्हणते. मला ते… आवडतं म्हणायला. ह्यांना यातलं काही माहीत न्हाय. आज मी पाठवताना चुकले."

बाळाबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली. खोटं बोलणारी बाई इतकी लाजत नाही, एवढं तिला कळत होतं.

"मंग असं म्हण की," ती म्हणाली आणि पानावर बसली. शिवानीला तिनं डोळे पुसून परत नाव घ्यायला लावलं. या खेपेला शिवयोगीचं नाव इतक्या मोठ्यानं आलं की बाहेरच्या बँडवाल्यांनाही ऐकू गेलं. जिलेबीची दुसरी फेरी निघाली आणि लोक दुप्पट जेवले.

आणि महेश्वर? तो मांडवामागं जाऊन जनरेटरचं डिझेल तपासत बसला. चैतालीनं ते बघितलं. भरल्या पंगतीत एकाच माणसानं काहीतरी बोलायला पाहिजे होतं आणि तो डिझेल तपासत होता. तिला इतकं लागलं की रडूसुद्धा आलं नाही. तिनं पाठवणी केली, उरलेले हार आवरले आणि टेम्पोत जाऊन बसली.

मोहोळच्या अलीकडं चहाच्या टपरीवर त्यानं टेम्पो थांबवला. ऊन उतरायला लागलं होतं, पण वारा अजून गरमच होता. चैतालीनं चहा हातात घेतला आणि सरळ कामाचंच काढलं. भागीदारी मोडायची तर पावसाळा लागल्यावर मोडू, घेतलेली लग्नं तेवढी पार पाडू, असं ती म्हणाली.

"टाकी भरलेली होती," महेश्वर म्हणाला.

"काय?"

"जनरेटरची. मी डिझेल बघत नव्हतो. पाय कापायला लागले म्हणून तिथं टेकलो."

ती त्याच्याकडं वळली.

"तुझं मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "माझं मला माहीत होतं… लई दिवसांपासून."

एवढं ऐकायला दोन वर्षं लागली होती, आणि ऐकल्यावर चैतालीला आनंद व्हायच्या ऐवजी संताप आला. मग अक्कलकोटचं काय, असं तिनं विचारलं. आईनं विचारलं आणि मी व्हय म्हणालो, असं त्यानं सांगितलं. आईला नाही म्हणायचं कसं, ते मला येतच नाही, असंही सांगितलं. रुसलेले मामा उठवणारा हा माणूस तिच्यासमोर चहाच्या ग्लासाकडं बघत उभा होता.

"महेश्वर," ती म्हणाली. पार्टनर म्हणाली नाही. "मी सगळ्या गावासमोर बोलले. तुला फक्त एका माणसाशी बोलायचंय. तेवढंही जमत नसेल तर अक्कलकोटचं लग्न दुसऱ्या कुणाला दे. मी करणार न्हाय. मला जमणार न्हाय ते."

ती रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली.

मागं त्यानं फोन लावल्याचं तिला कळलं. तो आईशी कानडीत बोलायचा आणि चैतालीला कानडी येत नव्हती. "अव्वा" एवढं कळलं. मग तिचं स्वतःचं नाव कळलं. मग 'मदुवी' म्हणाला. लग्नाला कानडीत काय म्हणतात, हे लग्नं लावणाऱ्या बाईला न कळून कसं चालेल? त्यानंतर तो बराच वेळ नुसता ऐकत होता. पलीकडचा आवाज चढला, उतरला, परत चढला. या सगळ्यात तो एकदाही 'व्हय' म्हणाला नाही.

शेवटी त्यानं फोन तिच्यापुढं धरला. "तुला द्यायला सांगितलंय."

"चैताली," काशम्मा म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "मला हे पटलेलं न्हाय. तोंडावर सांगते."

"हां काकू."

"एवढा घोडा झाला, आजवर ह्यानं मला सगळं इचारलंय. आज पयल्यांदा सांगितलंय." नाक ओढल्याचा आवाज आला. "उंद्या आईला घिऊन ये. मला फोनवर भांडाय येत न्हाय."

"येते," चैताली म्हणाली.

"दोघी या. आन् येताना जेवून येऊ नगा."

फोन बंद झाला. महेश्वर जागचा हलला नव्हता. काय म्हणाली, हे त्यानं नुसतं डोळ्यांनी विचारलं.

"भांडायला बोलावलंय," चैताली म्हणाली, आणि आता मात्र तिला हसू आलं. "जेवून येऊ नका म्हणाली."

त्यानं ग्लास टपरीवर ठेवला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतली माणसं बघतायत हे माहीत असूनही तिचा हात हातात घेतला.