कट्ट्याची मुकी खोली

रविवार, १४ नोव्हेंबर १९६५. रात्रीचे साडेनऊ. मालवणजवळच्या कट्टा गावाच्या बाजारापासून मैलभर आत, माळावरची एक दगडी इमारत.

विद्यापीठाची ध्वनियंत्रं सांभाळणारा आरोंद्याचा सत्यवान तिथे साध्या कामासाठी आला होता. सोमवारी विद्यापीठाची समिती येणार होती. तिला दाखवायला रिकाम्या खोलीतल्या शांततेचा आलेख काढायचा होता. हसू नका पोरांनो, शांततेचाही आलेख निघतो. खोलीत मधोमध मायक्रोफोन, बाहेर यंत्र. यंत्रात कागदाची पट्टी सरकत राहते, तिच्यावर पेन. आत आवाज झाला की पेन उडी मारतं. नाही झाला की सरळ रेघ.

ध्वनीच्या संशोधनासाठी विद्यापीठाने ती खोली बांधली होती. मालवणात समुद्राची गाज, म्हणून इतक्या आत. जाड भिंती, एकामागे एक दोन दारं, आणि भिंतींना, छताला, दारालासुद्धा काथ्याच्या हातभर लांब पाचरी. आवाज त्यांच्यात जिरून जायचा. आत हाक मारली तर ओळखीचा गळाही परका वाटायचा.

त्या पाचरी बनवल्या तारकर्लीच्या बाबलीने.

"सायबा," तो सत्यवानाला म्हणायचा, "अशी एक खोली माझ्या घराक बांधून दी. आनंदीचो आवाज भायर जावक नको."

"आणि तू खंय ऱ्हवशीत? आतच मा?"

"तर मग नको! माका इतक्यात मरूचा नाय."

आदल्या वर्षी, ह्याच तारखेला, शनिवारी तिन्हीसांजेला बाबली मागच्या कोपऱ्यात सैल पाचरी बसवत होता. बाहेर खोलीचे प्रमुख असलेल्या प्रोफेसरसाहेबांची जीप हॉर्नवर हॉर्न देत होती. सत्यवानाने बाहेरून दिवा मालवला, उंबऱ्यावरून एकदा हाक मारली, "आत कोण आसा?" ओ आली नाही. दारं लागली.

ती मंगळवारी उघडली, तेव्हा आत बाबलीचं प्रेत होतं. बाबली काथ्या आणायला आरोंद्याला जायचा होता, म्हणून घरच्यांनीही शोध घेतला नव्हता.

चौकशी झाली. चौकशी कसली, चहापान! बाबली दारू पिऊन आत झोपला होता, त्याला तीनदा हाक मारली होती, असा जबाब प्रोफेसरसाहेबांनी लिहूनच आणला. नोकरी जाईल या भीतीने सत्यवानाने सही केली. बाबली थेंबालाही शिवत नव्हता. आतून दार उघडायची सोय का नाही, हवेला झरोका का नाही, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही.

विचारलं ते बाबलीच्या बायकोने, आनंदीने. "कितीदा हाक मारलंस?"

सत्यवान चपला घालायला लागला.

"एकदाच मा? अरे, काळोखात एका हाकेक आपल्यात कोण ओ दिता? भूत एकदाच हाक मारता. माणूस दुसऱ्यांदा मारता. तो दुसऱ्या हाकेची वाट बघित बसलो असतलो... कॉलेजात जावन इतक्या पण इसारलंस रे?"

तर ती रविवारची रात्र. पावणेदहाला यंत्र सुरू झालं. सरळ रेघ. सव्वादहाला पेन थरथरलं. दारांना कुलूप. चावी सत्यवानाच्या खिशात.

पुन्हा थरथर. बारीक. दाबलेल्या खोकल्यासारखी.

मग सरळ रेघ... मग पुन्हा.

त्याने यंत्र चालू ठेवलं. उठला. दोन्ही दारं उघडली. बॅटरीचा झोत टाकला. खोली रिकामी.

"बाबली..."

शब्द ओठांशीच विरला.

हात दाराकडे गेला. लावावं. निघून जावं. एकदा केलं होतं तसंच...

हात थांबला.

"बाबली!"

आत काही ऐकू आलं नाही. काहीच नाही. फक्त त्याच्या पाठीमागे, बाहेर... पेन खरखरलं.

सकाळी सत्यवानाने खरा जबाब स्वतःच्या हाताने लिहिला. एकदाच हाक मारली, सही केली ती खोट्यावर. तो आणि ती पट्टी समितीपुढे ठेवली. दुपारी त्याची नोकरी गेली. जबाब गहाळ झाला. पट्टीवर मात्र पोचल्याचा शिक्का आधीच पडला होता, म्हणून ती दप्तरात राहिली.

तिच्यावर दोन बुटक्या रेघा आहेत, दारातून मारलेल्या दोन हाकांच्या. दुसरीनंतर चार सेकंदांनी तिसरी. कागदाच्या काठापर्यंत गेलेली. मायक्रोफोनला तोंड लावून बोललं तरच इतकी उंच जाते.

ती कोणाची, हे लिहून द्यायला विद्यापीठातला एकही माणूस अजून तयार नाही.