शेवटचं आधण

तुमची सगळ्यांची प्रकरणं वाचली मी. डोळे दुखायला लागले. चार जणांच्या चार कादंबऱ्या आणि चारही ठिकाणी बाप मरताना दीड पान बोलतो! बाबांनो, मरणाऱ्या माणसाला एवढा दम कुठून येतो? बसा जरा. आता अंधार पडलाच आहे, तर कृष्णातची गोष्ट सांगतो. आपल्याच छापखान्यात, इथं शाहूपुरीत, तो अठरा वर्षं प्रुफं तपासायचा. त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितली म्हणून मी खरी मानतो. तुम्ही काय मानायचं ते माना.

कृष्णात मूळचा कोडोलीचा. दिवसभर लोकांची पुस्तकं तपासायची आणि रात्री स्वतःची कादंबरी लिहायची, असं त्याचं अकरा वर्षं चाललं होतं. कादंबरी वडिलांवर. पिराजी त्यांचं नाव, धंद्यानं गुळव्या. म्हणजे गुऱ्हाळातल्या काहिलीत रस शिजून नेमका कधी गूळ होतो, ते ओळखणारा माणूस. थोडा पाक गार पाण्यात टाकायचे, बोटांनी गोळी वळायचे आणि कृष्णातच्या तळहातावर ठेवून विचारायचे, "बघ, झालंय का?" गोळी नीट वळली की ते आधण, म्हणजे काहिलीतला तेवढा शिजलेला रस, उतरवायचं. एका रात्री शेवटचं आधण उतरवताना उकळता पाक अंगावर आला आणि तिसऱ्या दिवशी पिराजी गेले. कृष्णात तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्या रात्री गुऱ्हाळातच होता.

तीन प्रकाशकांनी कादंबरी परत पाठवली. शेवटी मीच म्हटलं, मी छापतो. पण शेवटचं प्रकरण वाचलं आणि वैतागलो.

"कृष्णात, हे खोटं वाटतंय गड्या. जिथं घडलं तिथं जा आणि मोठ्यानं वाच. जीभ अडखळंल तिथं खोट हाय म्हणून समज. सोमवारपातूर नीट झालं न्हाय तर परत आणूच नगंस."

तो कागद गोळा करून गेला. पार थकला होता बिचारा. मी उगाच कडक बोललो, असं आता वाटतं.

दोन हजार तेवीसची अकरा फेब्रुवारी, शनिवार. भाच्याच्या लग्नपत्रिका आपल्याकडंच छापल्या होत्या, त्या बहिणीला पोचवायच्या होत्या. मोटारसायकलला पिशवी अडकवून कृष्णात वाठारवरून कोडोलीला गेला. आक्काताईनं, त्याच्या बहिणीनं, पोटभर जेवायला घातलं.

"ऱ्हा की रं आजची रात. डोळं कसं खोल गेल्यात बघ."

"न्हाय आक्का, एक काम ऱ्हायलंय."

साडेदहाला निघाला. गावाबाहेर रस्त्याकडेलाच ते गुऱ्हाळ. नऊ वर्षं बंद. पत्रे उडालेले, काहील भिंतीला टेकवून ठेवलेली, काहिलीखालच्या भट्टीत शेळ्यांच्या लेंड्या. त्या रात्री जिथं बसला होता तिथंच, भट्टीच्या तोंडाशी तो बसला. मोबाईलची बॅटरी लावली, कागद मांडीवर घेतले आणि वाचायला लागला.

"पिराजींच्या डोळ्यांत अग्नीचे तेज नाचत होते."

"न्हाय."

काहिलीच्या बाजूनं आलं. दमलेला आवाज. रात्रभर उभ्या असलेल्या माणसाचा.

"कोण हाय?"

कोणी नाही. रस्ता मोकळा. भास झाला म्हणून त्यानं वाक्य पुन्हा वाचलं.

"न्हाय."

अठरा वर्षांची सवय, पेन आपोआप चाललं. ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, 'धुरानं बापाच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.' वाचलं. कोणी काही बोललं नाही. नुसते रातकिडे.

पळून का गेला नाही, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी नीट ऐकत होतं.

मग तसंच चाललं. खरं वाक्य आलं की शांतता. खोटं आलं की "न्हाय". बापाचं ते दीड पानाचं भाषण तर त्यानं न वाचताच खोडलं. असं करत तो बापानं त्या रात्री मारलेल्या हाकेपाशी आला.

"हाक ऐकताच कृष्णात धावला."

"न्हाय."

आवाज जवळ आला होता.

"कृष्णात उठेपर्यंत उशीर झाला…"

"न्हाय."

"कृष्णातला हाक… ऐकूच आली नाही."

काही नाही… रातकिडेही थांबले. मग अगदी पाठीशी…

"न्हाय."

मानेला ऊन वाफ लागली. वळून बघवेना. त्यानं कागद खाली ठेवला. एकोणतीस वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोला नाही, बहिणीला नाही. ते बोलला.

"आबा… ऐकली हाक. दोघं गडी ट्रॉली भराय गेलते. 'कृष्णा, आधण आलंय, हात लाव,' म्हणून तुमी दोनदा हाक मारली. मी हितंच बसलतो… गोष्ट लिवत. म्हटलं, थांबा, एक वाक्य ऱ्हायलंय." त्याला रडू फुटलं. "पाक थांबत न्हाय, आबा. तुमी एकट्यानंच वढली काहील."

शांत.

"व्हय."

बॅटरी गेली.

किती वेळ बसला, त्याचं त्याला माहीत नाही. अंधारातच चाचपडत त्यानं ते वाक्य शेवटी लिहिलं, कागद पत्रिकांच्या रिकाम्या पिशवीत कोंबले आणि गाडीला किक मारली.

रविवारी सकाळी नऊला माझ्या दारात उभा. रात्रभर गाडीवर फिरत होता, घरी गेलाच नव्हता. सगळं सांगितलं. मग पिशवी माझ्यापुढं टेबलावर ठेवून म्हणाला, "बघा, झालंय का?"

मी कागद बाहेर काढले. शेवटच्या पानावर तळाशी वेडंवाकडं एकच वाक्य होतं. 'थांबा, एक वाक्य राहिलंय, असं मी बापाला म्हणालो.' त्याच्या खाली गुळाची एक गोळी चिकटली होती. बोटांनी नीट वळलेली.

मी हात लावला.

गरम होती.