गोदाबाईची राहिलेली गोळी

तो मोबाइल उलटा ठेव बे नितेश, उजेड डोयात येते. आचल, तू सरक भिंतीकडं. मी सांगतो ते बनावट नोहे. मोईज माह्या दोस्ताचा, नबीभाईचा पोरगा. नबीभाई लवकर गेला; मोईजनं सोता मले सांगतलं, तेबी रडत रडत. हसाचं असन त आताच उठून जा.

पंधरा सालची गोष्ट. कापूस गेला, सोयाबीन गेलं, गावचे पोरं पुन्याले पयाले अन म्हातारे ठेवले अकोल्यात पातूर रोडच्या एका वृद्धाश्रमात. मोईज तिथं रातपाळीले. पोयाच्या दिवशी दुपारी तो जठारपेठेत औषधं आनाले गेलता. बाकीचे पोरं सनाले आपापल्या गावी, म्हून रातीले हा अन कौशल्या सिस्टर, दोघंच. येतानी म्हाताऱ्यायसाठी गरम जिलेबी घेऊन आला. पोरगा वाईट नवता, आंधीच सांगून ठेवतो.

तिथं औषधाच्या गोया मशीनवर नोंदा लागत. मोठ्या मोबाइलसारखं मशीन. गोयी देल्ली का त्या मानसाच्या नावापुढं 'दिली' दाबाचं. काही गोया रोजच्या, काही लागल्या तरच द्याच्या; दुखलं, झोप नाई आली, अशा. पन लाइन गेली का रेंज जाये, मशीन अडके. म्हून पोरं लाइन जायच्या आंधीच सगळ्यायच्या नावापुढं दाबून मोकये होत. त्या संध्याकाळी मोईजनं घाईघाईत गोदाबाई नावाच्या म्हातारीच्या दुखन्याच्या गोयीपुढंबी दाबलं. बाईनं मागतली नवती. यानं देल्लीबी नवती.

गोदाबाईच्या खुब्याचं ऑपरेशन बिघडलेलं. मधरातीले तिनं घंटी दाबली.

"मोईज, बापू, लय दुखून राह्यलं रे. गोयी दे."

कपाटाची किल्ली कौशल्या सिस्टरपाशी. मोईजनं तिले उठोलं. तिनं मशीन पाह्यलं.

"संध्याकाळी देल्ली ना तू? मंग इतक्या लवकर दुसरी नाई देता येत. झेपनार नाई बाईले. देल्ली ना?"

एक शब्द बोलाचा होता, लेकहो. 'नाई.' बस. पन खोटं दाबलं म्हून नोकरी जाईन, हेच त्याच्या डोक्यात. घरी माय सईदा, लहान बहीन निखत, अन कमावता हा एकटा.

"हाओ," म्हने. "देल्ली."

सिस्टर झोपाले गेली. गोदाबाई रातभर कन्हत राह्यली. हा तिच्या उशाशी बसून पाठ चोयत होता. "थोडं सोस आजी, थोडं सोस." पाहाटं आवाज थांबला. याले वाटलं, झोपली बिचारी.

झोपली नवती.

मंग आली तिच्या तेरवीची रात. आभाय भरून आलेलं, बाहीर मिट्ट अंधार. लाइन गेलेली. गोदाबाईची खाट रिकामी, गादी गुंडायून ठेवलेली.

अन तिची घंटी वाजली.

लाइन नसतानी.

मोईज उठला नाई. पुन्हा वाजली... पुन्हा... कोनीच जागं होईना. शेवटी त्यानं झोपलेल्या सिस्टरच्या उशाची किल्ली काढली. गोयी घेतली. गोदाबाईच्या खोलीचं दार लोटलं.

आत कोनीतरी कन्हत होतं. तसंच.

"आजी... गोयी आनली. मी खोटं बोललो वं... चुकलो मी. माफ कर."

कन्हनं थांबलं.



मंग खाटेवरून आवाज आला. शांत. रागबी नाई त्यात.

"मले नोको आता, बापू. तूच ठेव. तुले लागन."

अन थंडगार हातानं त्याची मूठ मिटोली.

सकायी मोईजले उठता येईना. खुब्यात कळ. अजूनबी लंगडते, पाह्यता ना तुमी? त्यानं सिस्टरले खरं सांगतलं, नोकरी सोडली, गोदाबाईच्या पोराचे पाय धरले. पोरगा नुसता उठून आत गेला. कळ काही थांबली नाई. शेवटी मीच त्याले अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरकडं नेलं. फोटो काढला. हाड धडधाकट.

मंग डॉक्टरनं त्याले कुशीवर वळोलं, कपडा सरकोला, अन विचारलं, "ऑपरेशन कोनं केलं होतं?"

मोईजच्या अंगाले जन्मात कोन्या डॉक्टरचा चाकू लागला नाई. पन खुब्यावर टाक्यायचा लांब वन आहे, जुना, पांढरा पडलेला. मी हात लावून पाह्यला.