आतून रंगवलेली गाडी

त्या बुधवारी मी प्रेमात पडायला घराबाहेर पडले नव्हते. मातीची भांडी शिकायला निघाले होते. वर्ग मंगळवारी असतो हे दारावरची पाटी वाचून कळलं, आणि चरफडत, बाहेरची रिपरिप थांबेपर्यंत म्हणून, मी चॅपेलमागच्या त्या हॉलमध्ये शिरले. आत लांबलचक टेबलांवर लाकडी ट्रॅक वळणं घेत गेला होता. त्याच्या खाचांमधून तळहाताएवढ्या गाड्या सुसाट पळत होत्या, आणि पलीकडे हातात वेग कमीजास्त करायचं बटण धरलेली चार माणसं श्वास रोखून उभी होती. मी एका वळणापाशी थबकले, तोच एक पिवळी गाडी खाचेतून उडाली आणि थेट माझ्या पोटावर येऊन आदळली.

"मार्शल! झोप लागली का? ठेव की परत!"

ओरडणाऱ्याला तांबूस दाढी होती, डोक्यावर हिरवी लोकरीची टोपी होती, आणि माझ्याकडे बघायची तसदीही त्याने घेतली नव्हती. वळणावर उभं राहून पडलेल्या गाड्या परत खाचेत ठेवतो तो मार्शल, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी कळत होतं ते इतकंच, की हा बाप्या माझ्यावर खेकसतोय. मी गाडी उचलली आणि कोटाच्या खिशात टाकली.

"प्लीज म्हण," मी म्हटलं.

आता त्याने पाहिलं. नीट पाहिलं... कानापर्यंत लाल झाला. पण म्हणाला नाही. शर्यत हरला, तरी म्हणाला नाही! वर मलाच ऐकवतो, की हे खेळणं नव्हे, एक बांधून बघ म्हणजे कळेल. मी म्हटलं, बांधते. भिंतीवर ईस्टरच्या शर्यतीची जाहिरात होती; त्यात पळवूनही दाखवते, म्हटलं.

घरी आईने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "अर्धा स्वेटर झाला, अर्धं गिटार झालं. आता अर्धी गाडी. आरंभशूर आहेस तू, ब्रायनी."

झोंबलं, कारण खरं होतं. तो स्वेटर एका बाहीनिशी अजून कपाटात पडला आहे. या खेपेलाही मधेच सोडलं असतं, तर आईचं म्हणणं मला कायमचं कबूल करावं लागलं असतं. म्हणून मी दर बुधवारी जात राहिले. क्लबचे म्हातारे सेक्रेटरी विल्फ यांनी मला पितळी चौकट, मोटर आणि चाकं दिली. वायरी जोडताना मी बोटं भाजून घेतली, चाकं दोनदा उलटी बसवली. समोरच्या स्टुलावर तो तांबूस दाढीवाला बसलेला असायचा. ओवेन त्याचं नाव. मदतीला म्हणून जरा पुढे वाकला, की मी डाख द्यायची गरम सळई त्याच्या नाकासमोर धरायची. "तोंड उघडलंस तर बघ." तो हसून मागे सरकायचा. त्याचे हात मोठे होते, पण केसाएवढी तार ते इतक्या हळुवार धरायचे, की मी बघत बसायचे... आणि मग त्याचाही मला राग यायचा.

गाडीचं वरचं कवच पारदर्शक असतं, केकच्या डब्याच्या झाकणासारखं. मी ते लालभडक रंगवलं, वर पांढरा पट्टा ओढला. ओवेन माझ्या ब्रशकडे बघत होता. काहीतरी बोलणार होता — मी डोळे वटारले. त्याने तोंड मिटलं.

पहिल्याच सरावात माझी गाडी वळणावर उडाली आणि कठड्यावर आपटली. रंगाचे पापुद्रे ट्रॅकभर विखुरले. हॉलमध्ये खसखस पिकली. विल्फ हातोडी घेऊन आले, माझं सोललेलं कवच त्यांनी भिंतीवर खिळ्याला टांगलं आणि म्हणाले, "कवच आतून रंगवतात, पोरी. बाहेरचा रंग पहिल्या धक्क्याला जातो." त्या भिंतीवर अशी पुष्कळ कवचं होती. नव्या माणसाला कुणी सांगायचं नाही, आणि त्याचं पहिलं कवच टांगायचं, ही म्हणे इथली रीत. पिवळे पापुद्रे निघालेल्या एका कवचाखाली ओवेनचंही नाव होतं.

"तुला माहीत होतं," मी त्याला म्हटलं.

"हो."

"आणि गंमत बघत बसलास."

"नाही गं. रोज सांगणार होतो. रीत गेली खड्ड्यात, म्हणणार होतो. पण तू..."

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. रस्ताभर रडले, आणि रडू आलं म्हणून आणखी चिडले. वाटलं, चुलीत जाऊ दे ती गाडी. पण घरात शिरताना आईचा चेहरा दिसला, आणि मी कोट न काढताच नवं कवच घेऊन स्वयंपाकघरात बसले. आतून रंगवायचं तर सगळं उलटं. वर दिसायला हवा तो पट्टा आधी, मागचा लाल शेवटी. शिवाय गाडीत चिमुकला ड्रायव्हर हवाच, नाहीतर तपासणीत बाद. त्या ड्रायव्हरला मी दात-ओठ खात रंगवलं. आई चहा ठेवून गेली.

ईस्टरच्या शर्यतीआधी विल्फनी माझी गाडी तपासली. काचेसाठी न रंगवता ठेवलेल्या जागेतून आत डोकावले, मिशीत हसले आणि पास केली. माझ्या फेरीला वळणावर मार्शल म्हणून ओवेन उभा होता, हात पुढे करून, तयारीत. मी पळवली. बाकीच्या गाड्या उडत होत्या, पडत होत्या, तो त्या उचलून ठेवत होता. माझी लाल गाडी मात्र त्याच्यासमोरून पुन्हा पुन्हा गेली आणि शेवटच्या रेषेपर्यंत पोचली. सगळ्यांत शेवटी पोचली, पण पोचली.

तो माझ्याजवळ आला. "तुझ्या गाडीने मला कामच दिलं नाही. प्रत्येक वळणावर दम का धरत होतीस? सरळ रस्त्यावर तर सगळ्यांना मागे टाकत होतीस."

मी गाडी पुढे केली. त्याने ती उजेडात धरली. आत बसलेल्या माणसाला तांबूस दाढी होती आणि हिरवी टोपी.

"हा मी आहे?"

"कठड्यावर आपटायला कुणीतरी हवं होतं," मी म्हटलं. "इतका राग होता तुझा. ठरवलं होतं, दर वळणावर तुझं डोकं आपटायचं."

"मग?"

माझे कान तापले. खोटं बोलायला काहीतरी सुचायला हवं होतं... सुचलं नाही.

"मग काय! वळण आलं की बटणावरचं बोट आपोआप सैल पडायचं. हरले मी तुझ्यामुळे."

तो टोपी काढून हातात चुरगाळत म्हणाला, "बाहेर कोपऱ्यावर चिप्स मिळतात. येतेस?"

मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. हाताची घडी घालून.

"प्लीज," ओवेन म्हणाला.