उजव्या बाजूचं वजन

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी नाझारिओने अंगणातली माझी कपडे वाळत घालायची तार काढली आणि त्या जागी चानोची ब्लेझर गाडी आणून उभी केली. "दोनच महिने," म्हणाला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आहेत. मी पाच महिने धरले आणि ओले कपडे गच्चीवर न्यायला लागले.

चानो म्हणजे माझा धाकटा भाऊ, फेलिसिआनो. आमच्या एन्सेनादात, मेक्सिकोच्या या किनाऱ्यावर, शर्यतीच्या गाड्या कारखान्यापेक्षा अंगणातच जास्त जन्मतात. नाझारिओ गाडी चालवायचा आणि चानो त्याच्या उजवीकडे बसून वाटेची वही वाचायचा: पुढे खड्डा, डावीकडे वळण, आता सावकाश. अकरा वर्षं दोघं असे लोकांच्या गाड्यांतून वाळवंट तुडवत राहिले. मग स्वतःची शर्यतीची गाडी करायची म्हणून चानोने ही सत्त्याऐंशी सालची ब्लेझर घेतली, आणि तो आजारी पडला. शहाण्णव किलोचा माणूस. मी मासळीच्या गोदामात तराजूवर असते, वजन माझ्या हातांना कळतं. शेवटच्या आठवड्यात मी त्याला एकटी उचलून कुशीवर वळवत होते. सत्तेचाळीस किलो, फार तर.

त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

गाडीच्या आतलं सगळं उपसलं गेलं. गालिचा, मागची सीट, काचा. मोठी चाकं मावावीत म्हणून मडगार्ड कापले. लोखंडी नळ्या वाकवून आत पिंजरा बांधला; गाडी उलटली तर तोच माणसाला वाचवतो. वेल्डिंग बलताझार उस्तादांचं. ते गल्लीच्या टोकाला राहतात, वय बहात्तर, आणि कामापेक्षा माझ्या कॉफीसाठी जास्त येतात.

"कुका, तुझ्या नवऱ्याचं टाके घालणं बघितलंस?" ते मला म्हणायचे. "कोंबडी चालून गेल्यासारखं. मी आहे म्हणून गाडी उभी आहे."

"उस्ताद, तुम्ही आहात म्हणून माझी साखर संपते," नाझारिओ गाडीखालून ओरडायचा.

उजवीकडच्या सीटवर आता आमची मुलगी बसणार होती. ओदालिस, तेवीस वर्षांची, त्रेपन्न किलो. वही वाचायला तिला चानोनेच शिकवलं होतं, स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या पुढेमागे हलवत. माझ्या मनात नव्हतं. पण मी मोठ्याने बोलणारी बाई नाही. मी रोज चर्चमध्ये सहाच्या मिस्साला जाते, तिन्हीसांजेला जपमाळ ओढते, शुक्रवारी मीठ खात नाही. जे माणसांना सांगता येत नाही ते मी तिथे सांगते.

मार्चमध्ये स्प्रिंगा बसल्या. त्या जुळवताना दोन्ही सीटवर माणसांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या ठेवतात आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून मोजतात. डावीकडे अठ्ठावन्न सेंटिमीटर आले. उजवीकडे साडेचोपन्न.

नाझारिओने उजवी स्प्रिंग आवळली. दोन्हीकडे अठ्ठावन्न झाले. मी स्वतः टेपचं दुसरं टोक धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्साहून परतले तर तो अंगणात उकिडवा बसलेला. उजवीकडे पुन्हा साडेचोपन्न.

"स्प्रिंग बसली असेल," मी म्हटलं.

"नवी स्प्रिंग रात्रीत बसत नाही, कुका."

त्याने गोण्या उतरवल्या. तरी गाडी उजवीकडे कललेलीच. दोन्ही स्प्रिंगा अदलाबदल केल्या. उजवीकडेच. बलताझार उस्तादांनी चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून पाहिली. चॅसी सरळ होती. त्यांनी त्या दिवशी कॉफी अर्धी ठेवली. म्हणाले, "अशी गाडी डाव्या वळणावर उजवीकडे कोलमडते. आणि उजवीकडे पोरगी आहे."

मी संतांवर विश्वास ठेवते, पण तराजूवरही ठेवते. गोदामातून चार सपाट काटे आणले, प्रत्येक चाकाखाली एक. टाकी मधोमध, बॅटरी मधोमध, आत कुणी नाही. डाव्या दोघांची बेरीज मी कागदावर मांडली, मग उजव्या दोघांची. फरक दोनदा केला.

शहाण्णव किलो.

"काटे बिघडलेत," नाझारिओ म्हणाला.

"असतील," मी म्हटलं. काटे मी सकाळीच तपासून आणले होते.

स्वयंपाकघरात जाऊन मी दार लोटलं आणि रडले. मला भीती वाटली नाही, हे सांगायला हवं. मी सत्तेचाळीस किलोचा भाऊ मातीत ठेवला होता. दोन वर्षं मला स्वप्नातही तेवढाच दिसायचा, पोटऱ्या माझ्या मनगटाएवढ्या. आणि आता तो अंगणात बसला होता, पुन्हा भरलेला, पूर्ण, जेवून उठल्यासारखा.

पण डाव्या वळणांचं काय?

जेवताना मी म्हटलं, "ओदालिस जाणार नाही."

"आई!"

"गाडी कललेली आहे."

"गाडी बाबा नीट करतील. मामाने मला वही दिली होती, दुसऱ्या कुणाला नाही. तू तिथे हजर होतीस, आई. तू त्याला सूप भरवत होतीस."

"होते."

"मग? मी नाही गेले तर बाबा एकटे जातील. वही कोण वाचणार, तुझी माता ग्वादालुपे?"

"जीभ आवर," नाझारिओ म्हणाला, पण हळूच. तो एकटा जाईल हे खरं होतं. त्याच्या डोळ्यांत मला ते दिसत होतं.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता, प्रभूच्या मरणाच्या वेळेला, घरात कुणी नसताना मी गाडीत चढले. समुद्राकडून धुकं आलं होतं आणि अंगणातलं लिंबाचं झाड धूसर झालं होतं. दार नव्हतंच, नळ्यांमधून वाकून आत जावं लागलं. मी नाझारिओच्या सीटवर बसले. उजवीकडे पाहिलं नाही. लहानपणी आम्ही भावंडं एकाच खाटेवर झोपायचो, तेव्हाही मी न बघता ओळखायची की तो जागा आहे.

"चानो," मी म्हटलं, "गाडी छान झाली आहे. बघितलीस ना? पण जागा पोरीला दे. तू असा बसलास तर ती उलटेल."

नळ्यांवरून धुक्याचे थेंब पडत होते.

"ऊठ बाबा. तुला जा नाही म्हणत. तिच्यासोबत राहा. तिला एकटी सोडू नकोस."

मी नवस करते तेव्हा मुदत सांगते. नऊ दिवस, चाळीस दिवस, अमुक सणापर्यंत. आजीने शिकवलेलं आहे ते. त्या दिवशी मी मुदत बोलले नाही. तेवढ्यावरच क्रूसाची खूण केली.

होडीतून कुणी धक्क्यावर पाय ठेवला की होडी जशी वर येते, तशी माझ्याखालची गाडी उजवीकडून वर आली. सावकाश. स्प्रिंग एकदा कुरकुरली.

संध्याकाळी दोन्हीकडे अठ्ठावन्न. नाझारिओने उस्तादांना बोलावून दाखवलं आणि एका नटबोल्टचं कारण सांगितलं, तो म्हणे त्याने बदलला होता. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या कॉफीत साखर घातली.

शर्यत एप्रिलमध्ये, सकाळी सातला सुटणारी, दिवसभराची. मी आणि उस्ताद ओखोस नेग्रोस गावाच्या वाटेवर एका ओढ्याच्या काठी रेडिओ घेऊन बसलो. गाड्या धुळीचे लोट ओढत यायच्या आणि जायच्या. बुरितो बांधून नेले होते, कुणी खाल्ले नाहीत. साडेअकराला आमची ब्लेझर गेली. ओदालिसने हात हलवला. मी एक माळ पूर्ण केली.

बाराला रेडिओवर कुणीतरी आमचा क्रमांक म्हणालं.

उलटली होती. डाव्या वळणावर. पुढच्या गाडीच्या धुळीत दगड दिसला नव्हता.

उस्तादांनी गाडी कशी चालवली मला आठवत नाही. सहा मैल.

ब्लेझर उजव्या कुशीवर पडली होती. नाझारिओ बाहेर बसला होता, हात छातीशी धरून.

उजवीकडची नळी आत वाकली होती. तिच्यात आणि सीटमध्ये हात जाईल एवढंच अंतर उरलं होतं. उस्तादांनी ते बघून टोपी काढली.

ओदालिस एका दगडावर बसून पाणी पीत होती.

मी तिचं हेल्मेट काढलं. मान, खांदे, बरगड्या, सगळं चाचपलं. एक ओरखडा नव्हता.

"तू कुठे होतीस?" मी विचारलं.

"सीटवरच, अजून कुठे?" ती जरा थांबली. "घट्ट होतं गं. खूप घट्ट. पण दुखलं नाही."

"ही नळी..." उस्ताद म्हणाले.

मी तिला कुशीत घेतलं.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही तिघं किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती, ओली वाळू आरशासारखी पसरलेली. नाझारिओचा हात गळ्यात बांधलेला, तरी तो पिंजरा पुन्हा कसा बांधायचा ते बोटाने हवेत दाखवत होता. ओदालिस चपला हातात घेऊन पुढे चालत होती.

"आई, मला काय झालंय गं?" ती मागे न बघता म्हणाली. "शर्यतीपासून पाय नुसते जड. जिना चढले तरी दम लागतो."

"थकलीस," मी म्हटलं. "विश्रांती घे."

"थकले असेन." ती हसली. "पण झोप मात्र छान लागते. लहानपणी लागायची तशी."

नाझारिओ बोलायचा थांबला होता. तो खाली बघत होता. मीही बघितलं.

त्याचे पाय वाळूवर नुसते उमटले होते. माझेही. तिचे घोट्यापर्यंत रुतले होते, एकामागे एक, थेट गाडी लावली होती तिथपासून.

"वाळू मऊ आहे आज," नाझारिओ म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

लाट आली आणि परत गेली. त्याचे ठसे पुसले, माझे पुसले. तिच्या ठशांत पाणी साचून राहिलं.